कावळ्यांचा बँडमास्तर

रोज सकाळी आमचे शेजारी गिरीआबा त्यांच्या फाटकाशी उभे राहतात आणि समोरच्या विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्यांना एकेकाचं नाव घेऊन रामराम घालतात. ही नावं आमच्या आसपासच्या मेलेल्या माणसांची असतात.

“रामराम तात्या. जरा सरकून बसा. मागच्या लायनीला जागा द्या.”

यातले तात्या म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी हातात दुधाची पिशवी घेऊन दारात उभा असतो, आणि तारेवरचा एक जाड मानेचा कावळा खरंच दोन पावलं बाजूला सरकतो. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. दुधात पाणी किती हे सांगायचं माझं काम. तेव्हा कावळा सरकला तो योगायोगानं, एवढं मला कळतं. तरी त्या क्षणी माझी मान खाली जाते, कारण तात्यांच्या खोलीत आम्ही आता वॉशिंग मशीन ठेवलंय.

मला कशाचीही टोचणी लागते. माझी बायको सुनंदा म्हणते, “शेजारच्यांचं दूध नासलं तरी तुम्ही माफी मागून येता.” ते खरं आहे, एकदा आलो होतो. गिरीआबांबद्दल लिहायचं तेव्हा हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांना माझ्यातलं पहिलं काय दिसलं असेल तर हेच.

गिरीआबांचं खरं नाव ग्रिगोरी. ते रशियन आहेत. व्होल्गा नदीकाठच्या एका शहरात ते सॅक्सोफोन वाजवायचे आणि स्वतःचा जाझ बँड चालवायचे. वडगाव निंबाळकरचा महेश तिकडे डॉक्टरकी शिकायला गेला आणि यांच्या मुलीशी, नीनाशी, लग्न करून परत आला. दोघंही डॉक्टर. बारामतीत इंदापूर रस्त्याला त्यांचा दवाखाना आहे आणि त्यामागच्या आमच्या कॉलनीत घर. नीनाताई पुस्तकी मराठी स्वच्छ बोलतात. आबांची गोष्ट वेगळी. ते आले तेव्हा पहिले काही महिने व्याह्यांकडे वडगावला राहिले आणि दिवसभर गोठ्यात बसून मराठी शिकले. त्यामुळे त्यांची पहिली मराठी ही म्हशींशी बोलायची मराठी. “सरक की”, “थांब जरा”, “तिकडं कुठं?” एवढ्यावर त्यांनी बारामतीत भाजी आणली, बँकेत खातं उघडलं आणि एका मंत्र्याच्या स्वागताला गर्दीतून वाटही काढली.

उंच, लालबुंद, पांढऱ्या भुवयांचा हा माणूस. अंगात बंडी, डोक्यावर व्याह्यांनी दिलेली टोपी, आणि मे महिन्यात टोपीखाली ओला टॉवेल. तोंडात बहुतेक वेळा बांबूची एक पातळ पट्टी असते. सॅक्सोफोनच्या तोंडाला ती लागते आणि ती ओली ठेवावी लागते. लोकांना वाटतं आबा दात कोरतात.

त्यांची कहाणी त्यांनी मला आमच्या मधल्या भिंतीवर कोपर टेकून तुकड्यातुकड्यांनी सांगितली. वडील ट्रकच्या कारखान्यात मेकॅनिक. कारखान्याचा पितळी बँड होता, त्यात आबा पोरवयात शिरले. सॅक्सोफोनकडे तेव्हा तिकडे संशयानं बघायचे. परदेशी स्टेशनवर जाझ लागायचं, पण सरकार त्यावर मुद्दाम खरखर सोडायचं, कुणी ऐकू नये म्हणून. आबा रेडिओला कान चिकटवून त्या खरखरीतून एकेक सूर वेगळा काढायचे. त्यांचं सगळं शिक्षण असं झालं.

“खरखरीखाली गाणं असतं,” हे त्यांचं आवडतं वाक्य. मिक्सर चालू असला तरी म्हणतात, ट्रॅक्टर गेला तरी म्हणतात. “कान लावा अनिलराव. खरखरीखाली गाणं असतं.”

पुढे त्यांचा स्वतःचा मोठा बँड झाला. उन्हाळ्यात व्होल्गावरच्या आगबोटींवर वाजवायचं, हिवाळ्यात रेल्वेनं सायबेरियात खाणकामगारांच्या नाचाला जायचं. आणि अधल्यामधल्या दिवसांत मयतीला. तिकडे मयतीला बँड लावायची पद्धत होती, आणि जाझवाले तेच काम करायचे. थंडीत बाजे गोठायचे म्हणून त्यांत दारू ओतायची. “बाज्याला थोडी, वाजवणाऱ्याला जास्त,” आबा म्हणतात. “दिवसा मयत, संध्याकाळी नाच. माणसं तीच.”

मग तिकडचं राज्य बदललं. बँडच्या हॉलमध्ये सोफासेटचं दुकान आलं. वाजवणारे एकेक करून गेले, आणि प्रत्येकाच्या मयतीला उरलेल्यांनी वाजवलं. शेवटचा ड्रमवाला गेला तेव्हा आबांनी एकट्यानं वाजवलं.

“हितं आलो तवा वाटलं, बँड संपला,” ते म्हणाले. “पण हितली मंडळी मेल्यावर परत येत्यात. लय चांगली सोय हाय.”

हे त्यांना कळलं ते माझ्या तात्यांच्या दहाव्याला.

दहाव्याचा विधी कऱ्हा नदीच्या घाटावर होता. पिंड पानावर ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागलो. कावळा शिवला म्हणजे माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय, मग नातेवाइकांनी शब्द द्यायचा. आमच्याकडे आधी श्रद्धांजलीची भाषणं झाली. एका पुढाऱ्यानं तात्यांच्या जागी भलत्याच तात्यांची आठवण सांगितली. माइक बंद झाला तरी पिंपळावरचे कावळे हलेनात. काका म्हणाले, “तात्या, जर्सी गाय इकणार न्हाय.” कावळा नाही. बहीण म्हणाली, “तात्या, आईला मी नेते.” नाही. मी तर शब्दांची रासच घातली. बोअरवेलपासून चुलतभावाच्या बांधापर्यंत सगळं कबूल केलं. ऊन चढलं, आणि लोक डब्यातल्या जेवणाच्या वासानं अस्वस्थ झाले.

आबा पायरीवर बसले होते. मयतीचं काही असेल तर वाद्य घेऊन जायचं या सवयीनं त्यांनी सॅक्सोफोनची पेटी आणली होती. त्यांनी नीनाताईंना विचारलं, हे काय चाललंय. नीनाताईंनी सांगितलं. आबांनी पेटी उघडली.

जे वाजलं त्याला सूर म्हणता येणार नाही. तात्या सकाळी मशेरी लावून चूळ भरताना घशातून एक आवाज काढायचे. आधी खोल गुरगुर, मग वर चढणारी एक हाक, मग खाकरणं. सगळी कॉलनी त्यानं जागी व्हायची. तो आवाज, तसाच, तात्यांच्याच घशातून आल्यासारखा घाटावर घुमला. आई उभ्या जागी खाली बसली. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी मागे वळून पाहिलं, खरंच सांगतो, मला वाटलं ते टॉवेल मागताहेत.

पिंपळावरून एक जाड मानेचा कावळा उतरला, मान वाकडी करून त्यानं ऐकलं, आणि चालत जाऊन पिंडाला चोच लावली.

“ट्रॉम्बोन,” आबा म्हणाले. “दुसरा.”

तेव्हा मला याचा अर्थ कळला नाही. पुढच्याच सकाळी आबांनी तारेकडे बघून पहिला रामराम घातला.

त्यानंतर त्यांना बोलावणी यायला लागली. काटेवाडी, सोमेश्वरनगर, कुठून कुठून गाड्या यायच्या. आबा घाटावर आधी नातेवाइकांना गोळा करून विचारायचे, “खोकायचे कसे? बैलाला हाक कशी मारायचे? चिडल्यावर काय आवाज निघायचा?” मग एकेक जण करून दाखवायचा. टक्कल केलेले मुलगे, पदर घेतलेल्या सुना, सगळे मेलेल्या माणसाची नक्कल करताहेत. “आरं तसं न्हाय, ते नाकातनं काढायचे.” “तू गप, तू पुण्याला असतोस.” रडणारी माणसं हसायला लागायची आणि हसता हसता अजून रडायची. आबा डोळे मिटून ऐकायचे. मग वाजवायचे, आणि कावळा यायचा. माघारी येताना आबा फक्त वाद्याचं नाव सांगायचे, तारेवरच्या बँडमध्ये त्या माणसाला मिळालेलं. सोमेश्वरनगरचे एक निवृत्त चिटबॉय, कारखान्याच्या ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारे, क्लॅरिनेट. काटेवाडीचे एक पैलवानबुवा, सगळ्यांना वाटलं ढोल, पण आबा म्हणाले, बासरी. पैलवानांच्या बायकोनं मान हलवली. तिला ते पटलं होतं.

आता याचा एक परिणाम झाला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आपलं वाद्य काय ही काळजी लागली. कॉलनीतले भानुदासराव, आयुष्यभर कारखान्यावर उसाचा ट्रक चालवलेले, एक दिवस भिंतीपाशी आले.

“आबा, मला काय देनार?”

“खोका,” आबा म्हणाले.

भानुदासराव जीव तोडून खोकले.

“ढोल.”

“आरं बँडमास्तरा, जन्मभर हॉर्न वाजवला मी! घाटात माझ्या हॉर्नला एस.टी. बाजूला व्हायची. मला ट्रम्पेट दे की.”

“हॉर्न हातानं वाजवला. तोंडानं न्हाय.”

भानुदासराव महिनाभर बोलले नाहीत. पण सकाळी फाटकावरून जाताना वेगवेगळ्या पट्टीत खोकून जायचे. त्यांच्या मुलानं नीनाताईंकडे नेऊन छातीचा फोटोही काढला. काही निघालं नाही.

एकदा मीच भीत भीत विचारलं, “आबा, आणि माझं?”

त्यांनी तोंडातली पट्टी काढली. “तुमचं कळंना. तुमी लय माफी मागता. माफीला वाद्य नसतं.”

मला हसू आलं, पण त्या दिवसापासून मी घरात एकटा असलो की स्वतःचा आवाज ऐकायला लागलो. आणि तारेवरची रांग वाढत होती. सुनंदा रोज तात्यांसाठी चपातीचा तुकडा ठेवायची. चपाती गार असली तर कावळा खायचा नाही, तारेवरून तसाच बघत राहायचा. तात्याही असंच करायचे. आम्ही दोघं यावर एकमेकांशी बोललो नाही. चपाती मात्र गरम ठेवू लागलो.

नीनाताईंना हे सगळं आवडत नसे. “पपा पक्ष्यांना वाजवून दाखवतात,” त्या म्हणायच्या. “तिकडे लोक तिकीट काढून ऐकायचे.” पण गाडी आली की आबांच्या पेटीत पाण्याची बाटली त्याच भरून ठेवायच्या.

इंदापूरचं बोलावणं आलं ते गेल्या हिवाळ्यात. धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावातली सोजरबाई नावाची म्हातारी गेली होती. तिच्या दोन मुलांनी जीप पाठवली. आबांबरोबर मी गेलो. सुट्टीचा दिवस होता आणि नाही म्हणणं मला जमत नाही.

पाण्यावर इतकं धुकं होतं की काठ कुठे संपतो कळत नव्हतं. आत कुठेतरी पक्ष्यांचा कलकलाट होता, पण दिसत काहीच नव्हतं. पिंड एका दगडावर ठेवला होता. माणसं धुक्यात अर्धी अर्धी दिसत होती. आबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “कशा बोलायच्या?”

थोरला म्हणाला, “बोलायचीच न्हाय ओ.”

“गाणं? ओवी?”

“न्हाय.”

“कोंबड्यांना हाक?”

“कोंबड्या नव्हत्या.”

“खोकला?”

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, “घरात हाय का न्हाय, कळायचं न्हाय बगा. काम व्हायचं सगळं. पण आवाज… काय रं दादा?” एवढी माणसं जमली होती, आणि त्या बाईचा एक आवाज कुणालाही आठवत नव्हता.

मागून एक सून म्हणाली, “पाय घासायच्या. डावा. चप्पल वढत चालायच्या आत्या.”

आबांनी वाद्य तोंडाला लावलं. सूर निघालाच नाही. त्यांनी फक्त श्वास सोडला. एक लांब, एक आखूड. फस्स… फस्. फस्स… फस्. धुक्यातून कुणीतरी चप्पल ओढत आमच्याकडे येत होतं. धाकट्या मुलानं मागे वळून पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मागे कुणी नव्हतं, नुसती पांढरी भिंत.

कावळा पाण्याच्या बाजूनं आला. उडत नाही, चिखलातून चालत. लंगडत आला असं जीपचा ड्रायव्हर पुढे सगळीकडे सांगत फिरला. मी तसं पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं असेल, पण मला ते आजही कबूल करवत नाही.

थोरला मुलगा दगडाशी जाऊन ओक्साबोक्शी रडला. आबांनी वाद्य पुसलं आणि पेटीत ठेवलं. त्या दिवशी त्यांनी वाद्याचं नाव सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही चहाला थांबलो. आबांनी कप तसाच धरून ठेवला.

“त्या पोरांला आईचा आवाज ठावं न्हाय,” ते म्हणाले.

“होतं असं, आबा,” मी म्हणालो. “माणूस घरातलं असलं की—”

“अनिलराव, तमाराचा मलाबी ठावं न्हाय.”

तमाराबाई म्हणजे त्यांची बायको. आबा इथे नातवाच्या बारशाला आले होते, एकटेच, कारण तमाराबाईंना विमानाची भीती वाटायची. तेवढ्यात साथ आली, विमानं बंद झाली, आणि तिकडे त्या गेल्या. शेजाऱ्यांनी पुरलं. आबांनी ते फोनवर पाहिलं. बर्फ, चार माणसं, शवपेटी. चित्र आलं, आवाज आला नाही. त्यानंतर ते परत गेलेच नाहीत. एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्यांनी त्या चहाच्या टपरीवर सांगितलं.

“माझ्या ड्रमवाल्याची शिंक हाय माझ्याकडं. ट्रम्पेटवाल्याचं घोरणं हाय. आगबोटीच्या कप्तानाचं जांभया देणं हाय. सगळं ऐकलं. तिचं काय बी न्हाय. मी वाजवायला लागलो की ती गप व्हायची. आन मी कायम वाजवत व्हतो.” त्यांनी चहा जमिनीवर ओतला आणि कप नीट बाकावर ठेवला. “कान होता की मला. लय मोठा कान.”

दुसऱ्या दिवशी आबा फाटकाशी आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. कावळे येत राहिले. तारेवर ओळीनं बसायचे आणि आबांच्या बंद दाराकडे बघायचे. आवाज अजिबात करायचे नाहीत. कावळ्यांची गप्प रांग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. भानुदासराव त्या बाजूनं जायचेच बंद झाले. सुनंदा म्हणाली, “तात्यांना कुणी रामराम घातला नाही कितीक दिवस.” म्हणून मीच एकदा इकडे तिकडे बघून हळूच म्हणालो, “रामराम तात्या.” सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, परवाना नसताना गाडी चालवणाऱ्याकडे पोलिसानं बघावं तसं. मी आत आलो.

नीनाताई सांगत होत्या की पपा त्यांना रोज विचारतात, आई कशी बोलायची? त्या आईसारखं बोलून दाखवतात. आबा ऐकतात आणि म्हणतात, हा तुझा आवाज. “आणि आई फोनवरही बोलायची नाही हो,” नीनाताई म्हणाल्या. “पपांना देते, एवढंच म्हणायची.”

मग एक दिवस आबा भिंतीशी आले. दाढी वाढली होती. तोंडात पट्टी नव्हती.

“तिचा दहावा झाला न्हाय,” ते म्हणाले. “आता चालंल का?”

मी गुरुजींकडे गेलो. आयुष्यात इतकं अवघडून मी कधी काही विचारलं नाही. बाई परदेशी, धर्म निराळा, पुरलेली, आणि इतकी वर्षं झालेली. गुरुजींनी सुपारी कातरत सगळं ऐकलं.

“आबांनी माझ्या थोरल्या भावाला कावळा आणून दिलाय,” ते म्हणाले. “बसवू काहीतरी. कावळ्याला पासपोर्ट लागत नाही.”

ठरल्या सकाळी आम्ही घाटावर मोजकीच माणसं होतो. आबा, नीनाताई, मी, गुरुजी आणि न बोलावता आलेले भानुदासराव. डॉक्टर महेश शस्त्रक्रियेत अडकले होते. पिंडाशेजारी नीनाताईंनी काळ्या पावाचा तुकडा ठेवला, तिकडची रीत म्हणून. आम्ही मागे सरलो.

पिंपळावर एकही कावळा नव्हता. त्या पिंपळावर कावळे नाहीत असं बारामतीत कुणी पाहिलं नसेल. पानंसुद्धा हलत नव्हती.

गुरुजी म्हणाले, “आबा, काही शब्द द्या.”

आबा रशियनमध्ये बोलले, थांबत थांबत. नीनाताई आम्हाला सांगत गेल्या. “म्हणतात, घरातले पडदे तसेच आहेत… म्हणतात, तुझ्या झाडांना शेजारीण पाणी घालते… म्हणतात, मी येऊ शकलो नाही.”

झाड रिकामंच राहिलं.

भानुदासरावांना राहवेना. ते पुढे झाले आणि नदीकडे तोंड करून ओरडले, “वहिनी! तुमच्या मानसाला आमी एकटं सोडनार न्हाय! त्यो म्हनल तर मी ढोलबी घेतो!” मग मागे येऊन मला हळूच म्हणाले, “वहिनीला मराठी कळत असंल का?”

मीही म्हणालो, “वहिनी, माफ करा.” कशाबद्दल, मला ठाऊक नाही. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

ऊन पायऱ्यांवर आलं. गुरुजी आता दर्भाच्या काड्या हातात घेऊन बसले. कावळा येतच नाही तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. आबांनी त्या काड्या पाहिल्या.

“थांबा,” ते म्हणाले. त्यांनी पेटी उघडली, पट्टी तोंडात धरून ओली केली, वाद्य जोडलं, बोटं जागेवर ठेवली. छाती भरून घेतली. आणि तसेच उभे राहिले. बोटं एकदा हलली, पुन्हा थांबली. त्यांच्याजवळ वाजवायला काही नव्हतं. एवढा मोठा माणूस वाद्य गळ्यात घेऊन उभा आणि नदीकाठी एक चिमणीसुद्धा बोलत नव्हती. मला वाटलं, आपण हे घडवून आणलं ते चुकलं.

नीनाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “पाईप.”

“काय?”

“घरात वाजवलं की शेजारी तक्रार करायचे. म्हणून पपा इमारतीच्या तळघरात सराव करायचे. आम्ही वर, चौथ्या मजल्यावर. घरं गरम ठेवायला गरम पाण्याचे लोखंडी पाईप असतात तिकडे, वरपासून तळघरापर्यंत.” त्या माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या वडिलांकडे. “जेवण तयार झालं की आई स्वयंपाकघरातल्या पाईपवर चमचा मारायची. रोज. मी शाळेत असल्यापासून. ती हाक कधी मारायचीच नाही. चमचा मारायची.”

त्यांनी खाली वाकून गुरुजींच्या पात्रातली पळी उचलली. गुरुजी म्हणाले, “अहो, ती पूजेची…” आणि गप्प झाले.

घाटाच्या कडेला लोखंडी कठडा आहे, पायऱ्यांबरोबर उतरत जातो आणि शेवटी पाण्यात बुडतो. नीनाताईंनी त्यावर पळी मारली. ठण्, ठण्. थोडं थांबून, ठण्. तो आवाज लोखंडातून खाली खाली गेला, पाण्यात शिरला.

आबांची बोटं वाद्यावरून निघाली.

त्यांनी मागे पाहिलं नाही, नीनाताईंकडेही नाही. तोंडातली पट्टी काढली, बंडीला पुसली, डबीत ठेवली. वाद्याचं तोंड वेगळं केलं, मान वेगळी केली, एकेक भाग फडक्यात गुंडाळला. घाई नव्हती, पण उशीरही नव्हता. रोजचं काम संपवून उठणाऱ्या माणसासारखं. नीनाताईंनी पुन्हा मारलं. ठण्, ठण्. ठण्. आबांनी पेटीच्या कड्या लावल्या.

भानुदासरावांनी मला कोपरानं ढोसलं. पिंडाला चोच लागलेली होती आणि पावाचा तुकडा पानावर नव्हता. कावळा कुठेच नव्हता, ना झाडावर, ना पायऱ्यांवर. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. कधी आला, कुणी पाहिलं नाही.

नीनाताईंनी पळी गुरुजींच्या हातात दिली आणि पदरासारखी ओढणी तोंडावर धरली. सगळं शांत झालं.

आणि कठडा पुन्हा वाजला. ठण्, ठण्. खालून, पाण्याच्या बाजूनं. गुरुजींनी हातातल्या पळीकडे पाहिलं. मी कठड्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

आबांनी पेटी उचलली आणि पायऱ्या चढायला लागले.

“बास गं,” ते म्हणाले. “आलो म्हणलं न्हवं.”